पेट्रोल कार्डाने, पण पैसा कोणाचा?

घरखर्चाची वही ठेवणाऱ्या घरांत किराणा, दूध, लाइट बिल, ट्यूशनची फी अशा सगळ्यांची नोंद सापडते. पेट्रोलची मात्र क्वचितच सापडते. पेट्रोल एकदम भरले जात नाही. कधी दोनशेचे, कधी तीनशेचे, जाता-येता घाईत भरले जाते, म्हणून तो खर्च वाटतच नाही. एकदा हिशेब करून पाहा. धरणगावहून जळगावला रोज नोकरीला जाणारा माणूस येऊन-जाऊन साठ किलोमीटरच्या आसपास गाडी चालवतो. मोटारसायकलने लिटरला पन्नास किलोमीटर दिले तरी रोज सव्वा लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर रक्कम तीन हजारांच्या पुढे जाते. त्या गाडीच्या कर्जाचा हप्ताही बऱ्याच घरांत साधारण तेवढाच असतो. हप्त्याची तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते, पेट्रोलची रक्कम कोणालाच नसते, आणि आता दोन्ही एकाच खात्यातून जातात.

रोखीच्या काळात हा प्रश्न नव्हता. खिशात दोनशे असतील तर दोनशेचेच पेट्रोल पडायचे. नोटाबंदीनंतर चित्र बदलले. ८ डिसेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारने डिजिटल पद्धतीने पेट्रोल-डिझेल घेणाऱ्यांना पाऊण टक्का सवलत जाहीर केली आणि पंपावर कार्ड पुढे करण्याची सवय लागली. मध्येच जानेवारी २०१७ मध्ये, बँका आमच्याकडून एक टक्का शुल्क घेणार असतील तर आम्ही कार्डच घेणार नाही, असे पंपचालकांच्या संघटनांनी बजावले होते. ते प्रकरण मिटले, कार्ड राहिले. पुढे मोबाइलवरचा क्यूआर कोड आला. आज धरणगाव, एरंडोल, पाळधी, कुठल्याही पंपावर कार्ड किंवा फोन चालतो. सोय झाली यात शंकाच नाही, पण खिशाने जो अंकुश ठेवला होता तो गेला.

यावर ठरलेले उत्तर मिळते, "अहो, ते डेबिट कार्ड आहे. खात्यात असतील तेवढेच जातील." बहुतेक वेळा हे खरे असते. साध्या बचत खात्यात पैसे नसले तर मशीन नकार देते आणि विषय तिथेच संपतो. पण खाते न कळत उणे होण्याच्या, किंवा उणे झाल्यासारखेच नुकसान होण्याच्या काही वाटा आहेत आणि त्या आपल्या घरांतूनच जातात. बँका याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे "खातं मायनसमध्ये गेलं" म्हणतात.

सर्वात मोठी वाट पगाराच्या खात्याची आहे. शिक्षक, सरकारी कर्मचारी, पोलीस, आरोग्य सेवक यांच्या पगार खात्यांना अनेक बँका ओव्हरड्राफ्टची मर्यादा जोडून देतात. पगाराच्या एकपट, दोनपट, काही ठिकाणी त्याहून जास्त. अपघात विमा, मोफत चेकबुक, लॉकरवर सवलत अशा यादीत ही सोयही बसवलेली असते. फॉर्मवर दहा सह्या करताना त्यातली एक तिच्यासाठी असते. हल्ली तर बँकेच्या अ‍ॅपवर "तुमच्यासाठी खास मर्यादा मंजूर" असा चौकोन येतो आणि त्यावर एक बोट ठेवले की काम होते. यापुढची गोष्ट महत्त्वाची आहे. मर्यादा जोडलेल्या खात्यात "उपलब्ध शिल्लक" म्हणून जो आकडा दिसतो, त्यात ती मर्यादाही धरलेली असते. म्हणजे तुमचे स्वतःचे अकरा हजार आणि मर्यादा पन्नास हजारांची असेल, तर फोनवर एकसष्ट हजार दिसतात. पंपावर कार्ड लावले की मशीन हा एकसष्टचा आकडा बघते. तुमचे अकरा हजार कधी संपले आणि बँकेचे पैसे कधी सुरू झाले, हे सांगणारी घंटा तिथे वाजत नाही.

माझ्या परिचयाच्या एका उर्दू शाळेतील शिक्षकांचे असेच झाले. त्यांचे नाव लिहीत नाही. हे गृहस्थ व्यवहाराला फार काटेकोर. बचत खात्यावर बँक जे व्याज जमा करते ते दरवर्षी वेगळे काढतात, स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खर्चात येऊ देत नाहीत, सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकतात. आपल्यापैकी कितीतरी घरांत असेच करतात. एप्रिलमध्ये त्यांनी पासबुक भरून आणले आणि माझ्यापुढे ठेवले.

"आपा, हे बघा. चोवीस रुपये कापलेत. व्याज लिहिलंय. मी कर्ज तर घेतलेलंच नाही."

पासबुकावर बोट ठेवत आम्ही मागे मागे गेलो. २५ मार्चला त्यांची स्वतःची शिल्लक संपली होती. त्यानंतर पेट्रोल तीनशे, पेट्रोल पाचशे, मुलांचे कपडे, शेवया आणि सुक्या मेव्याचे दुकान, पुन्हा पेट्रोल. सगळे कार्डाने, सगळे विनातक्रार पार पडलेले. पगार जमा होईपर्यंत खाते उणेमध्ये होते आणि रोजच्या उणे रकमेवर व्याज लागत होते. चोवीस रुपये म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. ते मात्र बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "घेतलेलं व्याज मी पैशा-पैशाने वेगळं काढतो. दिलेलं मला कळलंसुद्धा नाही."

याचा मसला काय आहे ते उलमांना विचारावे, तो माझा अधिकार नाही. मी हिशेबापुरते बोलते. ज्या घराने व्याजापासून दूर राहायचे ठरवले आहे त्या घरात ते कर्जाच्या दाराने येत नाही, कारण त्या दारावर पहारा असतो. ते पेट्रोलच्या पावतीतून येते.

पुन्हा, आपल्या घरांत याला एक खास कारण आहे. पगार इंग्रजी महिन्याने येतो आणि ईद चंद्राने. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. २०२३ मध्ये आपल्याकडे रमजान ईद २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये ११ एप्रिलला, आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला. २२ एप्रिलपर्यंत आदल्या महिन्याचा पगार हातात आलेला असतो. ३१ मार्चला तो नसतो, कारण सरकारी हिशेबात मार्चचा पगार एप्रिलमध्येच पडतो, आणि १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँकांचे व्यवहार बंद असतात. म्हणजे वर्षातला सर्वात मोठा खर्च महिन्याच्या अगदी रिकाम्या टोकाला आला. त्यात ईदच्या आधी जळगावच्या बाजारात दोन फेऱ्या, अमळनेरला बहिणीकडे एक, चोपड्याला मामूंकडे एक. गाडी जास्त फिरते ती नेमकी याच आठवड्यात. त्या शिक्षकांच्या पासबुकात जे दिसले ते बेफिकिरीमुळे झाले नव्हते. दोन पंचांगांमधल्या फटीत ते सापडले होते. ईद ज्या वर्षी महिनाअखेरीला येणार असेल त्या वर्षी रमजान सुरू होतानाच पेट्रोलचे पैसे बाजूला काढावेत, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

ज्यांच्या खात्याला अशी मर्यादा नाही त्यांचा धोका वेगळा आणि खरे तर महाग आहे. तो हप्त्याचा. आठवीच्या वर्गाला मी एक गणित घातले होते. खात्यात ३,००० रुपये आहेत. उद्या सकाळी गाडीचा २,८५० रुपयांचा हप्ता जाणार आहे. आज वडिलांनी कार्डाने २०० रुपयांचे पेट्रोल भरले. वडिलांचे नुकसान किती? सगळ्या वर्गाने पटकन सांगितले, पन्नास रुपये कमी पडतील. एका मुलीने विचारले, "मग हप्ता पन्नास रुपये कमी जाईल का?" नाही बेटा, तिथेच तर मेख आहे. हप्ता थोडा कमी जात नाही, तो अख्खा परत जातो. मग आपली बँक हप्ता परत गेल्याचे शुल्क लावते. समजा २५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९५. कर्ज देणारी कंपनी तिचे शुल्क वेगळे लावते, उशिराचा दंड वेगळा. काही कंपन्या दोन-चार दिवसांनी हप्ता पुन्हा टाकतात. तेव्हाही पैसे नसले तर पुन्हा तेच चक्र. पन्नास रुपयांची तूट सहाशे-सातशेला पडते, शिवाय पुढे घरासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी बँकेत गेलो तर तो परत गेलेला हप्ता नोंदीत दिसतो.

याची कायदेशीर बाजूही ठाऊक असावी. चेक न वटणे हा गुन्हा आहे हे सर्वांना माहीत आहे. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला तर तोही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार गुन्हा ठरू शकतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी नोटीस यावी लागते आणि रक्कम भरायला पंधरा दिवस मिळतात, म्हणून पन्नास रुपयांसाठी कोणी तुरुंगात जात नाही. पण वसुलीवाला फोनवर याच कलमाचे नाव घेऊन घरातल्या बायकांना घाबरवतो. नोटीस नसेल तर फोनला घाबरू नये, आणि नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नये.

आणखी एक बदल अनेकांच्या लक्षात आलेला नाही. पूर्वी हप्त्याची तारीख रविवारी किंवा सुटीला आली तर पैसे दुसऱ्या दिवशी जायचे. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा सर्व दिवस चालते. पाच तारीख रविवारी असली तरी पैसे पाच तारखेलाच जाऊ शकतात. म्हणजे शनिवारी संध्याकाळी पंपावर भरलेले पेट्रोल रविवारच्या हप्त्याच्या आड येते. सोमवारी बँकेत जाऊन पैसे भरू, हा जुना हिशेब आता चालत नाही.

आता पंपावरच्या मशीनकडे येऊ. पेट्रोल भरण्याआधी पंपावर शून्य बघायची सवय आपल्याला अगदी लहानपणापासून आहे. "शून्य बघा साहेब," असे पंपावरचा मुलगाही सांगतो. पण पैसे देताना कार्डाच्या मशीनवरचा आकडा कोणी बघत नाही. उन्हात त्याची काच दिसत नाही, मागे गाड्यांची रांग, पाठीवर पोराचे दप्तर. तिथे ३०० ऐवजी ३,००० पडायला एक जास्तीचे शून्य पुरते. पूर्वी पिन टाकावा लागायचा, त्या निमित्ताने नजर तरी पडायची. १ जानेवारी २०२१ पासून नुसते कार्ड टेकवून, पिनशिवाय, ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार होऊ शकतो. ही सोय नको असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येते किंवा तिची मर्यादा कमी करता येते. पेट्रोलच्या कार्डावर पाचशेची मर्यादा पुरेशी आहे. आकडा चुकलाच तर तिथल्या तिथे सांगावे. त्या दिवसाचा हिशेब बंद होईपर्यंत पंपावरच्या मशीनवरून तो व्यवहार रद्द करता येतो. दुसऱ्या दिवशी गेलात तर परतावा बँकेच्या वाटेने येतो आणि त्याला दिवस लागतात.

याहून जास्त वेळा होते ते असे. कार्ड लावले, मशीन फिरत राहिले, शेवटी "व्यवहार अयशस्वी" आले. पंपावरचा मुलगा म्हणतो, "रेंज नाही भो, परत लावा." दुसऱ्यांदा लावले, झाले. घरी येऊन बघावे तर दोन मेसेज, पैसे दोनदा गेलेले. बँकेला परत मागण्याचा हक्क आहे आणि तो चांगला पक्का आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराच्या मशीनवर पावती पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही आपण तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेने जमा करायची. फोनवरून दुकानदाराला केलेल्या यूपीआय व्यवहारालाही हाच नियम आहे. दिवस सुट्या धरून मोजायचे, कामाचे दिवस नव्हेत.

पण हे पाच दिवसच घात करतात. अडकलेले पाचशे रुपये सहाव्या दिवशी येतील आणि हप्ता तिसऱ्या दिवशी आहे. म्हणून पहिला व्यवहार अयशस्वी झाला तर लगेच दुसऱ्यांदा कार्ड लावू नका. आधी मेसेज किंवा शिल्लक बघा. पैसे गेले असतील तर पंपावरून अयशस्वीची स्लिप मागून घ्या आणि त्या वेळचे पेट्रोलचे पैसे रोख द्या. यासाठी गाडीच्या डिकीत नव्हे, पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात तीनशे रुपये कायम असावेत. माझ्या सासूबाई जुन्या बटव्यात "वक्ताचे पैसे" म्हणून अशी एक नोट घडी करून ठेवत. त्यांनी आयुष्यात कार्ड पाहिले नाही, पण रेंज नसणे म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळले होते.

शुल्कांबद्दल थोडक्यात. वार्षिक कार्ड शुल्क, मेसेजचे शुल्क, त्यावर जीएसटी, हे तुमच्या परवानगीने थांबत नाहीत. महिनाअखेरीला खात्यात चाळीस रुपये सोडले आणि दोनशेचे शुल्क आले, तर पुढच्या वेळी पैसे जमा होताच ते आधी कापले जाते. मग ती मुलीची शिष्यवृत्ती असो की शेतीचे अनुदान. किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाबाबत मात्र नियम ग्राहकाच्या बाजूने आहे. निव्वळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये सांगितले आणि १ एप्रिल २०१५ पासून ते लागू आहे. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्याची किमान शिल्लकच रद्द केली, कॅनरा बँकेने जून २०२५ पासून. इतर बँकांत आपापले विचारून घ्यावे. आणि पेट्रोल पंपावर डेबिट कार्डावर अडीच टक्के किंवा दहा रुपये जास्तीचे लागायचे, स्लिपवर पाचशे आणि पासबुकात जास्त, तो जुना अनुभव काहींना आठवत असेल. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि भीम यूपीआयवर दुकानदाराकडूनही शुल्क घेतले जात नाही. तेव्हा "कार्डाला दोन रुपये जास्त" असे कोणी म्हणाले तर रुपे कार्ड दाखवून कारण विचारा.

जनधन खात्याबद्दल एक गैरसमज आपल्या मोहल्ल्यांत अजून आहे. "त्या खात्यात सरकार दहा हजार देतं," असे बायका मला सांगतात. ते अनुदान नाही, तो ओव्हरड्राफ्ट आहे. २०१४ मध्ये योजना आली तेव्हा मर्यादा ५,००० होती, २०१८ मध्ये ती १०,००० झाली. त्यातले २,००० रुपयांपर्यंत फारशा अटी नाहीत. पण ते परत करायचे असतात आणि त्यावर व्याज लागते. घरातील स्त्रीच्या नावावर द्यावे असे धोरण आहे, म्हणून नवऱ्याचे पेट्रोल आणि व्याज भाभींच्या नावावर, असेही एक घर मी पाहिले आहे. अर्ज केल्याशिवाय ही सोय सुरू होत नाही. तेव्हा कोणी "इथे अंगठा लावा" म्हणाले तर कशासाठी, हे आधी विचारावे.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी तिथला प्रकार वेगळा आहे हे ध्यानात घ्यावे. तिथे ग्राहक स्वतः नळी धरतो. कार्ड आधी लावायचे असते आणि किती पेट्रोल जाईल हे मशीनला ठाऊक नसते. म्हणून ते अंदाजाने मोठी रक्कम अडवून ठेवते. २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने ही कमाल रक्कम १२५ डॉलरवरून १७५ डॉलरवर नेली. तीस डॉलरचे पेट्रोल घेतले तरी काही तास, कधी त्याहून जास्त वेळ, मोठी रक्कम अडकून राहते, आणि तेवढ्यात घरभाड्याचा व्यवहार आला तर तो उणेमध्ये जाऊन दंड बसतो. विद्यार्थ्यांच्या खात्यात मोजकेच डॉलर असतात, त्यांना हे फार लागते. तिथे उपाय सोपा आहे. पंपावर कार्ड न लावता आत जाऊन खिडकीवर "इतक्या डॉलरचे" सांगून पैसे द्यायचे. आपल्याकडे माणूस आकडा टाकतो, त्यामुळे अशी अडवणूक होत नाही. इंटरनेटवरचे तिकडचे सल्ले वाचून इकडे घाबरण्याचे कारण नाही.

मग करायचे काय? मला सर्वात पटलेला मार्ग म्हणजे पेट्रोलचे पैसे मूळ खात्यातून बाहेर काढणे. पगार खात्यातून पेट्रोल भरायचेच नाही. फोन वापरणाऱ्यांसाठी यूपीआय लाइट आहे. त्यात आधी पैसे टाकायचे आणि मग तेवढेच खर्च करायचे. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याची मर्यादा वाढवली. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात आणि एकूण ५,००० ठेवता येतात. मोटारसायकलवाल्याचा महिना यात बसतो. पिन लागत नाही, म्हणून फोनला कुलूप हवेच. अ‍ॅपमध्ये "रक्कम संपत आली की आपोआप भरा" असा पर्याय असतो. तो सुरू ठेवला तर सगळा हेतूच फसतो. तो बंद ठेवा. संपली की संपली, हेच तर हवे आहे.

ज्यांना फोनवर भरवसा नाही, त्यांनी मूलभूत बचत खाते उघडावे. त्यात किमान शिल्लक नाही, रुपे कार्ड मोफत मिळते. फक्त एक अट आहे. ज्या बँकेत तुमचे आधीच बचत खाते आहे तिथे ते ठेवता येत नाही, त्यासाठी दुसऱ्या बँकेत जावे लागते. आपल्या कामाला ते चांगलेच आहे. पगार झाला की तीन हजार रुपये तिकडे टाकायचे आणि पंपावर तेच कार्ड. ट्रॅक्टर असलेल्या शेतकरी कुटुंबांनी तर पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत डिझेलसाठी असे खाते जरूर ठेवावे. कापसाचे पैसे, पीककर्ज आणि डिझेल एकाच खात्यात फिरू लागले की वर्षअखेरीला कशातून काय गेले हे कोणालाच सांगता येत नाही.

पगार खात्याची मर्यादा काढून टाकायची असेल तर तोंडी सांगून भागत नाही. शाखाधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करावा. "माझ्या खाते क्रमांकाला जोडलेली ओव्हरड्राफ्ट मर्यादा मला नको आहे, ती आजपासून बंद करावी व तसे लेखी कळवावे." मराठीत लिहिला तरी चालतो. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, तारीख आणि शिक्का बघून. अर्जाआधी खाते उणेमध्ये नाही ना, हे तपासून घ्यावे, नाहीतर आधी ते भरायला सांगतात. आमच्या त्या शिक्षकांना काउंटरवर "सर, राहू द्या ना, वापरू नका म्हणजे झालं," असे सांगण्यात आले. त्यांनी अर्ज दिलाच. आठवड्याने त्यांची "उपलब्ध शिल्लक" एकदम पन्नास हजारांनी कमी दिसू लागली तेव्हा घरात दोन मिनिटे सगळे घाबरले होते म्हणे.

बँकेने अर्ज घेतला नाही, अडकलेले पैसे वेळेत परत आले नाहीत किंवा भरपाई दिली नाही, तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करावी लागते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ पासून त्यासाठी सर्व बँकांना मिळून एकच योजना आहे आणि फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ या क्रमांकावर फोन करता येतो, तिथे मराठीतही बोलतात. फोन करताना व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि मेसेजमधला संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. पंपावरची स्लिप असेल तर तिचा लगेच फोटो काढून ठेवा, कारण त्या कागदावरची शाई महिन्याभरात उडून जाते.